नाव तेच, अक्षरं वेगळी: लॉगिनमधला कॅपिटल-स्मॉलचा पेच

पासवर्ड चुकला तर निदान काय झालं ते कळतं. जास्त छळतो तो वेगळा बिघाड. लॉगिन होतं, पण आत गेल्यावर होम फोल्डर रिकामं दिसतं आणि कालपर्यंत उघडणारी ग्रुपची फाइल ‘परवानगी नाही’ म्हणते. शेजारच्या विंडोज मशीनवर मात्र त्याच माणसाचं, त्याच पासवर्डने सगळं सुरळीत चालू असतं. विंडोज आणि लिनक्स एकाच डिरेक्टरीला (खात्यांच्या सामाईक नोंदवहीला) जोडलेले असतील, तर पासवर्ड बदलत बसण्याआधी एक गोष्ट तपासावी: युजरनेम टाइप करताना पहिलं अक्षर कॅपिटल पडलं होतं का?

आपल्याला कॅपिटल ‘ए’ आणि स्मॉल ‘ए’ हे एकच अक्षर वाटतं. संगणकाला तसं वाटायचं काही कारण नाही. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतात पहिल्याचा क्रमांक ६५ आहे, दुसऱ्याचा ९७. हा ३२ चा फरक म्हणजे फक्त एक बिट, पण दोन क्रमांक वेगळे ते वेगळेच. १९६३ च्या पहिल्या आस्कीत स्मॉल अक्षरं नव्हतीच, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. त्या काळातली टेलिटाइप मॉडेल ३३ सारखी टर्मिनल्स फक्त कॅपिटल छापायची. त्यामुळे जुन्या युनिक्समध्ये एक सोय होती. कुणी पूर्ण नाव कॅपिटलमध्ये टाइप केलं, तर टर्मिनलला स्मॉल अक्षरं येत नसावीत असं समजून युनिक्स पुढचं सगळं स्मॉल करून घ्यायचं. एरवी मात्र युनिक्स अक्षरनिष्ठ राहिलं आणि लिनक्सने तोच वारसा घेतला. विंडोजने उलटा रस्ता धरला. तिथे नाव जसं लिहिलं तसं जपून ठेवलं जातं, पण जुळवताना कॅपिटल-स्मॉल बघितलं जात नाही.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. पेच पडतो तो एकच नाव चार-पाच थरांतून प्रवास करतं तेव्हा, कारण ‘ही दोन नावं एकच का?’ हा प्रश्न प्रत्येक थर आपापल्या नियमाने सोडवतो.

याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण १९९८ च्या आरएफसी २३०७ मध्ये आहे. युनिक्सची खाती एलडॅप (डिरेक्टरीशी बोलण्याची प्रमाणित पद्धत) वापरणाऱ्या डिरेक्टरीत कशी ठेवायची हे सांगणारा हा दस्तऐवज. एलडॅपमध्ये युजरनेमचा रकाना कॅपिटल-स्मॉलकडे दुर्लक्ष करून जुळवला जातो. पण ग्रुपमधल्या सदस्यांची नावं ज्या रकान्यात असतात, तो याच दस्तऐवजाप्रमाणे अक्षरशः जुळवायचा असतो. म्हणजे कॅपिटल ‘एस’ने सुरू केलेलं ‘सुनीता’ टाइप केलं की खातं सापडतं, पण त्याच स्पेलिंगने ग्रुप शोधायला गेलं तर एकही हाती लागत नाही. होम फोल्डरचा पत्ता टाइप केलेल्या नावावरून तयार होत असेल, तर दुसरं, कोरं फोल्डरही उभं राहतं. सुरुवातीला सांगितलेली लक्षणं ती हीच.

केरबरॉसची गंमत आणखी खोल आहे. या प्रमाणीकरण पद्धतीत मूळ नियमाप्रमाणे युजरचं आणि रेल्मचं (खातं ज्या क्षेत्रातलं त्याचं), दोन्ही नावं अक्षरनिष्ठ असतात, आणि रेल्मचं नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहायची प्रथा आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे विंडोजची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी, युजरनेमच्या बाबतीत सैल वागते, म्हणून माणसं कसंही टाइप करून आत जातात. पण एईएस या कूटलेखन पद्धतीची किल्ली बनते ती पासवर्ड आणि ‘सॉल्ट’ नावाची मजकुराची जोड मिळून, आणि हे सॉल्ट साधारणपणे रेल्म व युजरनेम जोडून तयार होतं. तिथे एक अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल झालं की किल्लीच बदलते. माणूस लॉगिन करतो तेव्हा सर्व्हर बरोबर सॉल्ट कळवतो. एखाद्या सेवेसाठी कीटॅब फाइल (तिच्या किल्ल्या ठेवायची फाइल) हाताने बनवताना मात्र कुणी कळवत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी प्रमाणीकरण फसतं. आरसी४ या जुन्या कूटलेखन पद्धतीच्या किल्लीत सॉल्ट नसायचंच. म्हणून आरसी४ बंद करून एईएसवर गेल्यावर वर्षानुवर्षं लपलेली चूक अचानक वर येऊ शकते, आणि दोष उगाच एईएसला दिला जातो.

मग शोध कुठून सुरू करायचा? लिनक्स मशीनवर खात्याचा क्रमांक आणि ग्रुप दाखवणारी ‘आयडी’ ही कमांड दोन्ही स्पेलिंगांनी चालवा आणि मिळणारे क्रमांक बघा. दोन्हीकडे तोच क्रमांक पण ग्रुपची यादी वेगळी आली, तर खोट ग्रुपच्या रकान्यात. एका स्पेलिंगला ‘असा युजर नाही’ म्हटलं, तर वाटेतला कुठला तरी थर कडक आहे. दोन वेगळे क्रमांक आले तर लगेच थांबा, कारण एकाच माणसाची दोन खाती तयार झाली आहेत किंवा ती खरोखरच दोन माणसं आहेत. मध्ये एसएसएसडी (डिरेक्टरीतली माहिती लिनक्सला आणून देणारी सेवा) असेल तर त्याची साठवण आधी रिकामी करा, नाहीतर जुनंच उत्तर परत येईल. त्यानंतर प्रत्येक थराचा लॉग उघडून नाव अक्षर-अक्षर वाचा. ज्या टप्प्यावर त्याचं रूप बदललेलं दिसेल तिथे दुरुस्ती करायची.

दुरुस्ती म्हणून सगळीकडे ‘कॅपिटल-स्मॉल बघू नको’ अशी सेटिंग लावण्याचा मोह होतो. तो टाळावा असं मला ठामपणे वाटतं. त्यापेक्षा नाव आत शिरतानाच एकदा स्मॉलमध्ये आणावं आणि पुढे सर्वत्र तेच रूप चालवावं. एसएसएसडी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी जोडलेलं असताना मुळातच असं वागतं. ‘एकदा’ या शब्दावर जोर आहे. २०१३ साली स्पॉटिफायने आपल्याकडची एक चूक स्वतःच उघड केली होती. वर उचललेल्या छोट्या कॅपिटल अक्षरांत ‘बिगबर्ड’ असं नाव नोंदवलं, की रूपांतराच्या पहिल्या फेरीत त्याची साधी कॅपिटल अक्षरं व्हायची आणि दुसऱ्या फेरीत स्मॉल. नोंदणी एका रूपावर, पासवर्ड बदलणं दुसऱ्या रूपावर, आणि दुसऱ्याचं खातं हातात! रूपांतर असं हवं की ते कितीही वेळा केलं तरी उत्तर तेच यावं.

भाषेच्या सेटिंगवरही ते अवलंबून नको. तुर्कीत कॅपिटल ‘आय’चं स्मॉल रूप बिनटिंबाचं असतं, त्यामुळे तुर्की सेटिंगवरचा प्रोग्राम ‘अ‍ॅडमिन’चं भलतंच काही करून ठेवू शकतो. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, पण ‘ऱ’ हे एका संकेतानेही लिहिता येतं आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. दिसायला एक, साठवायला दोन. तिथेही आधी एकरूप करणं भाग आहे.

जुनी नावं बदलायची वेळ आली, तर फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या नावांची यादी आधी काढा आणि प्रत्येक जोडीमागे माणूस एक की दोन हे विचारून घ्या. डिस्कवरच्या फाइल्सची फार चिंता नाही, कारण लिनक्स मालकाचा क्रमांक नोंदवतं, नाव नाही. पण सुडोचे (जादा अधिकार देणाऱ्या कमांडचे) नियम, क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांच्या फाइल्स आणि एसएसएचची (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या सोयीची) परवानगीची यादी इथे नाव मजकूर म्हणूनच लिहिलेलं असतं. ते सगळं त्याच दिवशी बदलावं, आणि ज्या सेवांची नावं बदलली त्यांच्या कीटॅब नव्याने बनवाव्यात.