इंग्रजी पेरणं वेगळं, इंग्रजीत वाढवणं वेगळं

"आम्ही बाळाशी घरात इंग्रजीच बोलतो," हे वाक्य सोलापुरात आता कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात ऐकू येतं. थोडं थांबून ऐकलं की बोलणं असं चाललेलं असतं: "हँड्स वॉश कर. स्पून नीट धर. डॉगीला बिस्किट दे. तिकडे जाऊ नको, हॉट आहे."

हे इंग्रजी नव्हे. ही मराठीच आहे, फक्त तिच्यातले काही शब्द, बहुतेक नामं, काढून तिथे इंग्रजी शब्द बसवले आहेत. याला मी इंग्रजी पेरणं म्हणतो. आपली मातृभाषा नसलेल्या भाषेत मूल वाढवणं हे वेगळं काम आहे. दोन्हींना एकच समजल्यामुळे आईबाप पहिलं करतात आणि फळ मात्र दुसऱ्याचं मागतात. मग मूल पाचव्या वर्षीही इंग्रजीत सलग बोलत नाही म्हणून बोल लागतो तो मुलाला. याचा मला मनापासून राग येतो.

पेरणीबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांना येते. रंग, प्राणी, फळं, शरीराचे अवयव, एक ते वीस आकडे, पाहुण्यांसमोर एक पोएम. या पोएमच्या सक्तीला माझा विरोध आहे. मूल खेळत असताना त्याला उठवून "काकांना म्हणून दाखव" म्हटलं की ती भाषा त्याच्यासाठी परीक्षेची होते.

काही फरक किरकोळ आहेत. उच्चार ब्रिटिश की आपला, पुस्तकं महाग की स्वस्त, सुरुवात जन्मापासून की दुसऱ्या वर्षापासून, यांनी फार बिघडत नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र मोजू नका. बाळांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने 2003 मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून 12 बैठकांत ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले. तेच पडद्यावर पाहिलेल्या बाळांना काही फायदा झाला नाही.

खरा फरक असा आहे. पेरणीत मुलाला इंग्रजी वाक्य कधीच रचावं लागत नाही. "डॉगीला बिस्किट दे" यातला 'ला' मराठी, क्रियापद मराठी, शब्दांचा क्रमही मराठी. शंभर नामं दिलीत तरी "कुत्र्याने माझं बिस्किट पळवलं, मी त्याला बोलावलंच नव्हतं" हे इंग्रजीत सांगायला लागणारं काहीच मुलाच्या हाती येत नाही. उलट मराठीचं नुकसान होतं. एल्बो येतं, कोपर येत नाही. पर्पल येतं, जांभळा येत नाही. दोन्हीकडचं अर्धंच मिळतं.

वाढवण्यात एक माणूस मुलाशी त्या भाषेत सगळा व्यवहार करतो. रागावणं, समजूत काढणं, "का नाही?" ला उत्तर देणं, पडल्यावर जवळ घेणं, झोपताना उद्याचं ठरवणं, सगळं त्यात आलं. स्वतःची तपासणी करायची तर रंगांची नावं विचारू नका. मूल रात्री दोन वाजता पोट दुखतंय म्हणून रडत उठलं, तेव्हा तुमच्या तोंडून कुठली भाषा येते ते बघा. मराठी आली तर त्यात कमीपणा नाही, पण मग "घरात इंग्रजी बोलतो" म्हणू नका.

इथेच शिकलेले लोकही अडखळतात. ऑफिसात इंग्रजीत भांडू शकणाऱ्या माणसाला ढेकर, रांगणं, शेंबूड, लंगडी, गुदगुल्या, हट्ट यांचं इंग्रजी चटकन सुचत नाही. नाक शिंकरायला 'ब्लो युअर नोज' म्हणतात हे इंजिनिअरिंगच्या कुठल्याच वर्षाला शिकवत नाहीत. ही घरगुती भाषा आईबापांना आधी स्वतः शिकावी लागते. हिब्रू पुन्हा रोजच्या बोलण्यात आणण्यासाठी झटणाऱ्या बेन-येहुदा यांचा मुलगा 1882 मध्ये जेरुसलेममध्ये जन्मला. आईबापांपैकी कुणाचीही मातृभाषा हिब्रू नव्हती, तरी त्याला फक्त हिब्रूत वाढवायचं ठरलं. त्या ग्रंथांच्या भाषेत रोजच्या वस्तूंना शब्दच अपुरे होते, म्हणून बाहुली, आइस्क्रीम अशांसाठी बापाने ते घडवले. आपल्याला घडवायचे नाहीत, फक्त शोधून वहीत लिहून ठेवायचे आहेत. तेवढीही तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

मिसळून बोलण्याला माझा विरोध आहे असं मात्र समजू नका. सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन ऐका. तेलुगूभाषक पद्मशाली समाजाच्या घरातलं पोर आजीशी तेलुगूत, गल्लीत मराठीत आणि दुकानात दोन्ही मिसळून बोलतं. त्याने आजीकडून अख्खी तेलुगू ऐकलेली असते आणि गल्लीत अख्खी मराठी. दोन्ही पुऱ्या हातात असणाऱ्याचं मिसळणं आणि कुठलीच पुरी न ऐकलेल्याचं मिसळणं, या दोन गोष्टी आहेत. तसंच कडक भाकरी, शेंगाचटणी, सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज, गड्डा हे शब्द इंग्रजी वाक्यातही तसेच ठेवावेत. भाकरीला 'फ्लॅटब्रेड' म्हणणारा बाप मला सहन होत नाही.

"माझं इंग्रजी चुकतं, पोरही चुकीचंच शिकेल" ही भीती खरी आहे, पण तिचा बाऊ होतो. जेनी सिंगलटन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 2004 मध्ये सायमन नावाच्या कर्णबधिर मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या आईबापांनी अमेरिकन खुणांची भाषा पंधराव्या वर्षानंतर शिकलेली आणि त्यांच्या खुणांत चुका भरपूर. सायमनला ती भाषा त्यांच्याकडूनच मिळत होती, तरी सातव्या वर्षी व्याकरणाच्या बऱ्याच भागांत तो त्यांच्यापेक्षा नेमका होता. एकाच मुलाचं उदाहरण आहे, सगळ्या चुका आपोआप गळतात असं त्यातून निघत नाही. पण बापाच्या चुका म्हणजे मुलाची मर्यादा, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियातले जॉर्ज साँडर्स मूळचे इंग्रजी भाषक. शिकलेल्या जर्मनमध्ये ते मुलांशी बोलत राहिले, आई इंग्रजीतच बोलत होती, आणि मुलं दोन्ही भाषा बोलू लागली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 चं आहे.

"एक माणूस, एक भाषा", म्हणजे प्रत्येकाने मुलाशी आपली एकच भाषा बोलायची, या नियमाचीही इतकी भक्ती नको. भाषाशास्त्रज्ञ ग्रामाँ यांनी ज्या रोंजा यांना तो सल्ला दिला, त्यांच्या घरात बाप, म्हणजे रोंजा, फ्रेंच होता आणि आई जर्मन. दोघं आपापल्या मातृभाषेत बोलत होते. आपल्या घरात शाळेनंतरचा ठरलेला वेळ किंवा कंबर तलावावरची संध्याकाळची फेरी इंग्रजीची ठेवली तरी चालतं, पण त्या वेळात अख्खी वाक्यं हवीत. मूल मराठीत उत्तर देणारच. अ‍ॅनिक द हौवर यांनी बेल्जियमच्या डचभाषक भागात, घरात दुसरीही भाषा असलेली 1,899 कुटुंबं पाहिली, तर जवळपास चारातलं एक मूल ती दुसरी भाषा बोलतच नव्हतं. तेव्हा न कळल्याचं नाटक करू नये. त्याचंच म्हणणं इंग्रजीत पुरं करून परत विचारावं आणि पुढे जावं.

आता माझं ठाम मत. घरात तेलुगू किंवा कन्नड असेल तर आधी ती द्या. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, ती कुणालाच चुकणार नाही. आजीची कन्नड शाळेत आणि मोबाइलवर आपोआप भेटणार नाही. "दोन भाषांनी मूल गोंधळतं, उशिरा बोलतं, घरची बंद करा" असं शिक्षकांनी सांगितलं तरी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलण्याचा विकार होत नाही. मूल खरंच बोलत नसेल तर आधी कान तपासा, मग वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा, आणि घरात कुठल्या भाषा आहेत ते त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीत ओढू नका. आजी "चल बेटा, कम, कम" म्हणायला लागली की मुलाच्या हातून घरातलं सर्वात चांगलं मराठी जातं आणि बदल्यात इंग्रजी काहीच येत नाही. आजीला म्हणावं, तुम्ही तुमचंच बोला, गोष्टी सांगा, रागवा. इंग्रजीची जबाबदारी ज्याने घेतली आहे त्याने एकट्याने ती पार पाडावी.