नोराचा हातखर्च आणि नोराची कमाई

हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाची नायिका नोरा शेवटी दार आपटून नवऱ्याचं घर सोडते. त्यावर बोलणं निघालं की हमखास कुणीतरी म्हणतं, नोरा तर उधळी, नवऱ्याच्या पैशावर चैन करणारी, तिला एकाएकी स्वातंत्र्य कुठून आठवलं? अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’ या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकालाही ओळखीच्या झालेल्या या बाईवर असा शेरा मारणं म्हणजे तिच्या हातातले दोन निराळे पैसे एकच समजणं.

पहिला पैसा नवऱ्याचा, टोरवाल्डचा. नाटक सुरू होतं नाताळच्या आदल्या दिवशी. तो तिच्या हातावर दहा, वीस, तीस, चाळीस क्रोनर मोजून ठेवतो, तिला लाडानं पाखरू म्हणतो, उधळीही म्हणतो. हा पैसा लाडीगोडी लावून मिळतो आणि त्याची मर्जी असेपर्यंतच मिळतो.

दुसरा पैसा कुणाला दिसत नाही. आजारी टोरवाल्डला हवापालटासाठी इटलीला न्यायला नोरानं क्रोगस्टाड नावाच्या वकिलाकडून ४,८०० क्रोनरचं कर्ज काढलंय. नवऱ्याला वाटतं, ते पैसे सासऱ्यांनी दिले. हप्ते भरायला ती स्वतःच्या कपड्यांचे पैसे निम्मे बाजूला टाकते आणि कागदपत्रांच्या नकला करून देते. मागच्या वर्षी तीन आठवडे ती रात्ररात्र दार लावून बसली होती. टोरवाल्ड समजत होता, बायको नाताळच्या झाडासाठी फुलं करतेय! मैत्रीण क्रिस्टीनला ती सांगते, फार दमायला व्हायचं, पण बसून काम करायचं, पैसे मिळवायचे यात मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं. मला हे बोलणं शेवटच्या दार आपटण्याइतकंच मोलाचं वाटतं.

घोटाळा होतो तो इथे. हातखर्चातला काही भाग हप्त्यात जातो, म्हणून नाताळची भेट रोखीत मागणारी नोरा लोभी दिसते. तिला हप्ता भरायचा असतो.

तरी कमावलं म्हणजे हक्क मिळाला, असं नव्हतं. नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाहितेला कर्ज काढता येत नव्हतं. नॉर्वेत पत्नीला स्वतःच्या मालमत्तेचा व्यवहार पाहण्याची मुभा १८८८च्या कायद्यानं मिळाली. नोरानं जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच केली. वडील वारले २९ सप्टेंबरला, कागदावर तारीख २ ऑक्टोबर. तिथेच ती सापडली. विधवा क्रिस्टीनला नोकरी करताना कुणाची परवानगी लागत नाही. एकाच खोलीत बसलेल्या दोघींमध्ये एवढं अंतर.

या खोट्या सहीवरून धमकावणारा क्रोगस्टाड शेवटी कर्जाचं करारपत्र परत पाठवतो आणि टोरवाल्ड आनंदानं ओरडतो, ‘मी वाचलो!’ तो कागद तो जाळूनही टाकतो. त्याच्या आयुष्यासाठी बायकोनं इतकी वर्षं काय भरलं, हे विचारणं त्याला सुचत नाही. ती निघताना मात्र विचारतो, गरज पडली तर काही पाठवू का? अजूनही पहिलाच पैसा! नोरा सांगते, परक्या माणसाकडून मी काही घेत नाही.