सोन ह्युंग-मिनचं आशियाई सुवर्ण आणि ‘माफी’ या शब्दाचा गोंधळ

ऑगस्ट २०२५मध्ये दक्षिण कोरियाचा फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन टॉटनहॅम हा क्लब सोडून लॉस एंजेलिसला गेला आणि त्याच्या इंग्लंडमधल्या दहा वर्षांचे आढावे सगळीकडे आले. त्यांत एक वाक्य हमखास असायचं : २०१८मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण जिंकल्यामुळे त्याला कोरियन पुरुषांना सक्तीच्या असलेल्या लष्करी सेवेतून माफी मिळाली. गोल, करंडक आणि क्लब बदलताना मोजलेली रक्कम यांच्या मधोमध ते वाक्य येतं आणि पुढे निघून जातं. खरं तर त्याच्या कारकिर्दीतले कितीतरी निर्णय समजून घ्यायचे, तर याच वाक्यापाशी थांबावं लागतं. आणि त्यातला ‘माफी’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे.

कोरियन भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘म्यॉन्जे’ म्हणजे खरी माफी. गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्याला ती मिळते. पदक जिंकणाऱ्याला मिळते ती ‘थुंग्न्ये’, म्हणजे विशेष तरतूद. ही तरतूद लागू झाली की खेळाडू कागदोपत्री सेवेत रुजूच होतो, फक्त बराकीऐवजी स्वतःच्या क्षेत्रात. काही आठवड्यांचं मूलभूत लष्करी प्रशिक्षण त्याला चुकत नाही. त्यानंतर ३४ महिने त्याने आपल्या खेळात कार्यरत राहायचं आणि त्या काळात ५४४ तास समाजसेवा करून तिचे पुरावे द्यायचे. हिशेब केला तर महिन्याला १६ तास पडतात. ही तासांची अट २०१५पासून आली आणि ती नावापुरती नाही. २०१८च्या अखेरीस राष्ट्रीय संघातल्या एका बचावपटूने या तासांची खोटी कागदपत्रं दिल्याचं उघड झालं, तेव्हा त्याला राष्ट्रीय संघातून कायमचं बाहेर काढण्यात आलं. खुद्द कोरियातही मथळ्यांत सर्रास ‘म्यॉन्जे’च छापतात, त्यामुळे परदेशी वाचकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण या एका शब्दामुळे सोन ‘सुटला’ असं चित्र तयार झालं, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

ही वाट १९७३च्या कायद्याने निघाली. देशाचं नाव जगभर व्हावं, हा तेव्हाच्या राजवटीचा उद्देश होता. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेला कुस्तीगीर तिचा पहिला लाभार्थी. पुढे निकष कधी सैल झाले, कधी आवळले गेले. १९९०पासून ते ऑलिंपिकचं कोणतंही पदक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण, इथे स्थिरावले. विश्वचषक त्यात बसत नाही. २००२मध्ये घरच्या मैदानावर संघ बाद फेरीत पोचला तेव्हा सरकारने स्पर्धा चालू असतानाच नियम वाढवून त्या खेळाडूंना सवलत दिली, पण ती तरतूद काही वर्षांतच मागे घेतली गेली. म्हणून २०१० आणि २०२२मध्ये बाद फेरी गाठूनही त्या कामगिरीबद्दल कुणाला काही मिळालं नाही. फुटबॉलचा आशिया चषकही या यादीत नाही. तो आणि आशियाई क्रीडा स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत आजही होते.

या नियमांची झळ सोनच्या आधीच्या पिढ्यांनीही सोसली आहे. १९७८मध्ये जर्मनीत गेलेला कोरियाचा सर्वांत मोठा आघाडीपटू डार्मश्टाट या क्लबकडून एकच सामना खेळला आणि हवाई दलातली उरलेली सेवा पुरी करायला त्याला मायदेशी परतावं लागलं. १९७९मध्ये तो पुन्हा गेला, या वेळी फ्रँकफर्टला, आणि बुंडेसलीगात ९८ गोल करून थांबला.

सोनचा जन्म १९९२चा, चुनचॉनचा. वडील स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू होते, दुखापतीमुळे लवकर थांबलेले. त्यांनी मुलाला वर्षानुवर्षं सामन्यांपेक्षा चेंडूवरच्या पकडीवर राबवलं. २०११च्या उन्हाळ्यात, म्हणजे मुलगा जर्मनीतल्या हॅम्बुर्ग क्लबकडून खेळायला लागल्यानंतरही, त्याच्याकडून रोज हजार फटके मारून घेतले. पाचशे उजव्या पायाने, पाचशे डाव्या. आज त्याचा ‘चांगला’ पाय कोणता हे बचावपटूला ठरवता येत नाही, त्याचं मूळ या उन्हाळ्यात आहे. देशासाठीचा त्याचा पहिला गोल त्याच वर्षी जानेवारीत दोह्यात झाला, आशिया चषकात, आणि तो भारताविरुद्ध होता. कोरियाने तो सामना ४-१ने जिंकला. सोन तेव्हा १८ वर्षांचा होता.

त्यानंतरची सात वर्षं पदकाच्या बाजूने पाहिली, तर हुकलेल्या संधींचीच आहेत. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोरियाने कार्डिफला जपानला हरवून कांस्य मिळवलं आणि त्या संघाला सवलत मिळाली. सोन त्या संघात नव्हता. २०१४मध्ये आशियाई स्पर्धा घरीच, इंचनला होती. ही स्पर्धा फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात येत नाही, त्यामुळे खेळाडू सोडण्याचं क्लबवर बंधन नसतं. त्याच्या तेव्हाच्या जर्मन क्लबने, लेव्हरकुसनने, नकार दिला. कोरियाने अंतिम सामन्यात उत्तर कोरियाला जादा वेळेत हरवून सुवर्ण जिंकलं. २०१६मध्ये टॉटनहॅमने रिओ ऑलिंपिकला जाऊ दिलं, तर उपांत्यपूर्व फेरीत होंडुरासकडून एका गोलने हार झाली आणि तो मैदानावरच रडत बसला. देशांतर्गत लीगमध्ये लष्कराचा स्वतःचा संघ आहे आणि अनेक खेळाडू तिथे खेळत सेवा पुरी करतात. पण हायस्कूल अर्धवट सोडून जर्मनीला गेलेल्या सोनसाठी तीही वाट जवळपास बंदच होती.

अशा वळणावर २०१८चा उन्हाळा आला. जूनमध्ये कझानला त्याने जर्मनीविरुद्ध रिकाम्या जाळीत गोल केला, जगज्जेते घरी गेले, पण कोरियाही गटातच संपला होता. ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली असताना टॉटनहॅमने त्याला इंडोनेशियाला पाठवलं, ते एका करारावर : नोव्हेंबरचे आंतरराष्ट्रीय सामने आणि जानेवारीतल्या आशिया चषकाचे पहिले दोन सामने त्याने चुकवायचे. तेवीस वर्षांखालच्या संघात तीन वरिष्ठ खेळाडूंना परवानगी असते, त्यांतला तो एक, आणि कर्णधारही.

गटात मलेशियाकडून १-२ अशी हार झाली. किर्गिझस्तानविरुद्ध कॉर्नरवर आलेला चेंडू त्याने हवेतूनच मारला आणि तो एकमेव गोल पुरला. उपांत्यपूर्व फेरीत उझबेकिस्तानला ४-३ हरवायला जादा वेळ लागला. १ सप्टेंबरला बोगोरच्या पाकानसारी स्टेडियमवर अंतिम सामना, समोर जपानचा एकवीस वर्षांखालचा संघ. नव्वद मिनिटांत गोल नाही.

जादा वेळेची तीन मिनिटं झाली होती. सोन गोलसमोरच्या पेनल्टी पेटीत चेंडू घेऊन घुसला, दोघांना चुकवलं, चेंडू किंचित पुढे गेला. मागून धावत आलेल्या तरुण सहकाऱ्याने त्याला ओरडून बाजूला व्हायला सांगितलं आणि सोन खरोखर बाजूला झाला. फटका जाळीत. ज्याचं सगळं पणाला लागलं होतं, त्याने स्वतः मारायचा मोह त्या क्षणी सोडला. मला त्याची सगळी कारकीर्द एका दृश्यात दाखवायची झाली, तर मी हे दाखवीन. आठ मिनिटांनी त्याच्याच फ्री किकवर डोक्याने दुसरा गोल झाला. जपानने शेवटी एक परत केला, पण २-१वर शिट्टी वाजली. सोनने संपूर्ण स्पर्धेत एकच गोल केला होता. त्याचं मोल गोलांच्या तक्त्यात दिसत नाही.

कोरियात आनंदाबरोबर वादही पेटला. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या बेसबॉल संघावर, सेवा बाकी असलेल्या खेळाडूंना मुद्दाम निवडल्याचा आरोप झाला आणि त्या प्रशिक्षकाला संसदेत जाऊन उत्तरं द्यावी लागली. अमेरिकी अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या पॉप गटाला काही नाही आणि शास्त्रीय संगीत स्पर्धेतल्या विजेत्या पियानोवादकाला मात्र सवलत, हे कुठल्या न्यायाने, असंही विचारलं गेलं. २०२०मध्ये कायदा बदलून पॉप कलावंतांना तिसाव्या वर्षापर्यंत सेवा पुढे ढकलायची मुभा मिळाली. हे आक्षेप खरे आहेत, पण त्यांचा रोख नियमाकडे असायला हवा. तेव्हा एकवीस महिने सीमेवर काढणाऱ्या मुलाचा राग समजतो. तरीही सोनने या नियमाची किंमत तीन वेळा मोजली होती, हे बेसबॉलच्या वादात वाहून गेलं.

नोव्हेंबर २०१९मध्ये बेलग्रेडला दोन गोल करून त्याने डार्मश्टाटहून परत बोलावलेल्या त्या आघाडीपटूचा, कोरियन खेळाडूंमधला, युरोपातला १२१ गोलांचा विक्रम मोडला. एप्रिल २०२०मध्ये साथीमुळे लीग थांबलेली असताना तो जेजू बेटावर नौदलाच्या मरीन तुकडीच्या तळावर दाखल झाला. तीन आठवडे डोकं भादरून, रायफल आणि अश्रुधुराच्या कवायतीत, १५७ प्रशिक्षणार्थींमध्ये. त्यात तो पहिला आला. बोगोरला हरला असता, तर कदाचित याच सुमारास त्याला युरोप सोडून दीर्घ सेवेसाठी परतावं लागलं असतं.

पुढचं सगळं त्या सुवर्णानंतरचं आहे. बर्नलीविरुद्ध स्वतःच्या पेटीजवळून पळत जाऊन केलेल्या गोलाला २०२०च्या अखेरीस सर्वोत्तम गोलाचा पुश्काश पुरस्कार मिळाला. २०२१-२२मध्ये एकही पेनल्टी न मारता २३ गोल आणि लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठीचा संयुक्त गोल्डन बूट, जो त्याआधी कुठल्याच आशियाई खेळाडूला मिळाला नव्हता. २०२२मध्ये डोळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना मुखवटा लावून विश्वचषक. २०२३पासून टॉटनहॅमचं कर्णधारपद, आणि २१ मे २०२५ला बिल्बाओत युरोपा लीग. व्यावसायिक क्लबसोबतचा त्याचा पहिला करंडक, वयाच्या ३२व्या वर्षी.

३ ऑगस्ट २०२५ला सोलच्या विश्वचषक स्टेडियमवर न्यूकॅसलविरुद्ध तो टॉटनहॅमकडून शेवटचं खेळला. दुसऱ्या डावात त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्यासाठी रांगेत उभे राहिले. ४५४ सामने, १७३ गोल. राखीव बाकावर बसून तो बराच वेळ रडत होता, आणि स्टेडियम त्याचं नाव घेत होतं.