कंपनीचा सपोर्ट आणि हल्ल्यानंतरची मदत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत सकाळी हिशेबाची फाइल उघडत नाही, तेव्हा पहिला फोन जातो तो शाहूपुरीतल्या किंवा राजारामपुरीतल्या ज्या दुकानातून संगणक घेतला त्या दुकानदाराला. यात गैर काही नाही. मात्र फाइल न उघडण्याची कारणे दोन निरनिराळ्या जातींची असू शकतात. हार्ड डिस्क खराब झाली असेल, परवान्याची मुदत संपली असेल किंवा अपडेट अर्धवट राहिले असेल, तर तो बिघाड आहे आणि त्यासाठी सपोर्ट आहे. फायलींच्या नावांना अनोळखी शेपटी जोडली गेली असेल आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी पडलेली असेल, तर कोणीतरी बाहेरून आत शिरले आहे. अशा वेळी लागणारी मदत वेगळ्या लोकांकडून, वेगळ्या नियमांनुसार आणि मुख्य म्हणजे वेगळ्या क्रमाने मिळते.

सपोर्टचा आधार खरेदीत असतो. वॉरंटी, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) किंवा सॉफ्टवेअरचा परवाना यांपैकी काहीतरी चालू असावे लागते, आणि म्हणूनच तिथला माणूस आधी सीरियल नंबर, बिल, आवृत्ती आणि पडद्यावर उमटलेला नेमका संदेश विचारतो. ‘संगणक चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा त्या संदेशाचा फोटो पाठवला, तर निम्मे काम तिथेच होते. या मदतीची हद्दही ठरलेली असते. अँटिव्हायरस बनवणारी कंपनी संशयित फाइल तपासून देईल, सफाईचे साधन देईल. पण खात्यातून गेलेले पैसे परत मिळवणे किंवा आत कोण शिरले होते याचा तपास करणे तिच्या करारात नसते. निर्माता दुरुस्ती उपलब्ध करून देतो, ती बसवायची आपण. २०१७ च्या मे महिन्यात फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या प्रोग्रॅमने जगभर संगणक बंद पाडले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरचे अपडेट मार्चमध्येच दिलेले होते. शिवाय उत्पादनालाही वय असते: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरीही ती आवृत्ती ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना ‘सपोर्टला विचारून बघू’ असा भरवसा वाटत राहतो.

हल्ल्यानंतरच्या मदतीला बिल लागत नाही; तिला वेळ आणि पुरावा लागतो. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक दुकानदाराच्याही आधी फिरवावा, कारण तिथे नोंदवलेली तक्रार रक्कम ज्या ज्या बँकांतून पुढे सरकत असते त्यांच्यापर्यंत पोहोचवली जाते आणि वाटेत सापडलेली रक्कम रोखून धरता येते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडे देता येते. तिसरे दार सायबर हल्ल्यांच्या घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब नुसार ती राष्ट्रीय पातळीवर काम करते आणि २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, तसेच लॉग, म्हणजे यंत्रात आपोआप होणाऱ्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. सर्ट-इन कोणाच्या कारखान्यात इंजिनिअर पाठवत नाही, हेही आधीच समजून घेतलेले बरे. बॉट, म्हणजे संगणकात लपून दुसऱ्याच्या हुकमावर चालणारे प्रोग्रॅम, काढण्याची मोफत साधने मात्र तिच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतात.

दोन्हींचा खरा खटका उडतो तो ‘फॉरमॅट मारून देतो, दुपारपर्यंत चालू होईल’ या वाक्यापाशी. बिघाड असेल तर हे उत्तर अगदी चोख आहे आणि इंजिनिअर ते चांगल्या मनानेच देतो. हल्ला असेल तर मात्र त्या एका कृतीने लॉग, खंडणीची चिठ्ठी आणि कुलूपबंद झालेल्या फायली असे सगळेच पुसले जाते. पंचनाम्याआधी अपघाताची गाडी हलवावी तसे हे होते. कुलूपबंद फायलीही टाकाऊ नसतात. २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ प्रकल्पात काही प्रकारच्या रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली अडकवणाऱ्या प्रोग्रॅमने) लावलेल्या कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात, आणि आज नसलेली किल्ली पुढे येऊ शकते. त्यामुळे आधी नेटवर्कची केबल काढावी, वायफाय बंद करावे, बॅकअपची डिस्क जोडलेली असल्यास ती अलग करावी आणि पडद्याचे फोटो घ्यावेत. काम थांबवणे परवडत नसेल तर नवी डिस्क बसवून यंत्र चालू करावे, जुनी तशीच बाजूला ठेवावी. सपोर्टची पाळी त्यानंतर येते.

सर्वांत घातक गोंधळ मात्र सपोर्टचा वेश घेऊन येणाऱ्या हल्ल्याचा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा लाल पडदा अचानक येतो, किंवा इंटरनेटवर शोधून काढलेला ‘कस्टमर केअर’चा नंबरच खोटा निघतो आणि पलीकडचा गोड बोलणारा माणूस दुरून संगणक हाताळणारे ॲप टाकायला सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो, असे ती कंपनी स्वतः सांगते. खऱ्या सपोर्टचा क्रमांक बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावा. खरा सपोर्टही दुरून यंत्र हाताळतो, पण आपण मागितल्यावर. आणि ओटीपी किंवा यूपीआय पिन तो मागत नाही. प्रवेश देऊन बसलो असू, तर जोडणी तोडून, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलून बँकेला आणि १९३० ला कळवावे. इथे उशीर महाग पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांत, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्या माथी येते आणि कळवल्यानंतरचे बँकेच्या.

एएमसीचे नूतनीकरण करताना तिच्यात एक ओळ वाढवून घेता येते: घुसखोरीचा संशय असल्यास मालकाच्या लेखी संमतीशिवाय डिस्क फॉरमॅट केली जाणार नाही. बहुतेक दुकानदार ती ओळ कुरकुर न करता मान्य करतील, कारण तिने त्यांचीही जबाबदारी हलकी होते.