वाक्य एकाचे, नाव दुसऱ्याचे

‘तुमचे म्हणणे मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन.’ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की हे वाक्य येतेच, आणि खाली नाव असते व्हॉल्तेअर या फ्रेंच विचारवंताचे. व्हॉल्तेअर वारला १७७८ मध्ये. वाक्य छापले गेले १९०६ मध्ये, तेही इंग्रजीत.

ते लिहिले एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने. एस. जी. टॅलेनटायर हे तिचे टोपणनाव. व्हॉल्तेअरच्या मित्रमंडळींवरच्या पुस्तकात तिने एल्वेस्युस या तत्त्वज्ञाची हकिगत सांगितली आहे. त्याचा १७५८ मधला ग्रंथ व्हॉल्तेअरला फारसा रुचला नव्हता. पण पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये तो ग्रंथ जाहीरपणे जाळला गेला, तेव्हा व्हॉल्तेअर त्याच्या बाजूने उभा राहिला. ही भूमिका हॉलबाईंनी स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात बसवली आणि त्याला अवतरणचिन्हे दिली. ‘अशी आता त्याची भूमिका होती’ असे त्याला जोडूनही लिहिले. पण उचलणाऱ्यांनी चिन्हांच्या आतले तेवढे उचलले, बाहेरचे तिथेच राहिले. पुढे १९३९ मध्ये हॉलबाईंनी एका पत्रात खुलासा केला, की व्हॉल्तेअरने हेच शब्द वापरले असे आपल्याला सुचवायचे नव्हते. तो खुलासा कोण वाचतो?

गांधीजींच्या बाबतीत हाच प्रकार जरा वेगळ्या वाटेने घडला. ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः व्हा’ हे वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ या दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या साप्ताहिकात त्यांनी लिहिले होते ते असे, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. विचार जवळचा आहे, पण मूळ विधानात ‘तर’ आहे. भिंतीवर लावायच्या वाक्याला तो ‘तर’ परवडत नाही.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यावर मात्र सरळ अन्याय झाला. ‘पाव नाही, तर केक खा’ हे तिच्या तोंडी घातलेले उद्गार रूसो या तत्त्वज्ञाच्या आत्मकथनात ‘एका थोर राजकन्येचे’ म्हणून येतात, नाव न घेता. (तिथे केकही नाही; ब्रिऑश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव.) रूसो ज्या काळाची आठवण सांगतो आहे, तेव्हा मारीचा जन्मही झाला नव्हता. ती जन्मली १७५५ मध्ये आणि फ्रान्समध्ये आली १७७० मध्ये. पण राणी नावडती होती, वाक्य तिला शोभत होते. तारखा कोण पाहतो!

शोभणे हीच यातली मेख. चुरचुरीत वाक्य दिसले की इंग्रजीत ते मार्क ट्वेन या अमेरिकी विनोदी लेखकाच्या खात्यावर जमा होते. ‘सत्य बूट चढवतंय तोवर असत्य जग फिरून येतं’ हे त्यातलेच. लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्येच लिहिले होते, की असत्य उडत जाते आणि सत्य मागून लंगडत येते. बुटांचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्पर्जन या धर्मोपदेशकाने जुनी म्हण म्हणून सांगितले. ट्वेनने ते कुठे लिहिल्याचा पुरावा नाही.

गंमत अशी, की ट्वेननेही हा उद्योग केला आहे. असत्याचे तीन प्रकार, ‘खोटे, धादांत खोटे आणि आकडेवारी’, हे वाक्य त्याने आपल्या आत्मचरित्रात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांच्या नावावर टाकले. डिझरायलींच्या लेखनात आणि भाषणांत ते आजवर कुणाला सापडलेले नाही. आता पुष्कळजण ते ट्वेनचेच समजतात.