कुड्याची अतिसारावर चाचणी घ्यायची आहे? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी वाचा

जुलाबावर कुड्याची साल द्यायची, हे आपल्याकडे कित्येक घरांत माहीत असतं. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही ते आहेच. त्यामुळे एमडी आयुर्वेदाचे विद्यार्थी, काही वैद्य, अधूनमधून एखादा लहान औषध उत्पादक हा विषय घेऊन एथिक्स कमिटीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे, येतात. हे अर्ज वाचण्याचं काम माझ्याकडे येतं, आणि त्यातले बरेच परत पाठवावे लागतात. औषधात दम नाही म्हणून ते क्वचितच परत जातात. एक कागद नसतो किंवा एक तारीख चुकलेली असते, आणि त्यापायी मेहनती माणसांचं वर्ष वाया जातं. म्हणून हे लिहिते आहे.

तुमचं औषध कायद्याच्या नजरेत काय आहे?

अर्जाची वाट यावरून ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या पहिल्या परिशिष्टातल्या ग्रंथांमध्ये जशी कृती आहे तशीच बनवलेलं औषध, म्हणजे कुटजारिष्ट किंवा कुटजघनवटी, त्याच ग्रंथोक्त उपयोगासाठी तपासणार असाल तर वाट सोपी आहे. नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक, या दोन गोष्टी लागतात.

तुम्ही सालीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश वापरणार असाल आणि त्यातली किमान चार घटकद्रव्यं मोजून दाखवणार असाल, तर ते 2015 च्या अधिसूचनेनुसार फायटोफार्मास्युटिकल ठरतं. मग केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. तो वेगळा, लांबचा रस्ता आहे.

घोळ होतो तो या दोन्हींच्या मधे. अर्जावर ‘शास्त्रोक्त औषध’ असं लिहिलेलं असतं आणि चौथ्या पानावर कळतं की अर्क हेक्झेनमध्ये काढलाय. औषध नियमांतल्या 158-बी प्रमाणे पाण्यातल्या किंवा पाणी-अल्कोहोलमधल्या अर्काला, उपयोग ग्रंथोक्त असेल तर, सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास मागत नाहीत. दुसरं द्रावक वापरलं की विषाक्ततेचे सगळे अहवाल मागतात. द्रावक निवडण्याआधी हा नियम वाचा. अर्क तयार झाल्यावर वाचून काही उपयोग नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो

तो म्हणजे वनस्पतीच्या ओळखीचा दाखला.

आपल्याकडे कुडा म्हटलं की निदान दोन झाडं पुढे येतात. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स, त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, त्याचे गोडे इंद्रजव. दोन्हींना चीक, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा एकमेकींपासून सुट्या असतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात. झाडाखाली उभं राहिलं तर हा फरक दिसतो. साल वाळवून तुकडे केल्यावर तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि बाजारात एकीत दुसरीची भेसळ होते हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक विद्यार्थिनी वर्तमानपत्रात बांधलेली सालीची पुडी घेऊन वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेली होती. सोबत दुकानाची पावती, ‘कुडा छाल, 2 किलो’. त्यांनी एक तुकडा उचलला, मोडून आतला रंग पाहिला आणि विचारलं, “फांदी कुठे आहे? फुलं, शेंगा?” ती पावती पुढे करत राहिली. कुड्याचा बहर तेव्हा संपून गेला होता. दाखला पुढच्या उन्हाळ्यावर गेला, आणि तिचा प्रबंधही. तिची चूक एवढीच, की हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मार्गदर्शकांनी सांगायला हवं होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. झाड फुललेलं असताना पानं, फुलं, जमल्यास शेंगा असलेली फांदी घ्या आणि त्याच झाडांची साल घ्या. जागा आणि तारीख लिहून ठेवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्याचं केंद्र किंवा आघारकर संशोधन संस्था अशा ठिकाणी नमुना द्या आणि दाखल्यावर व्हाउचर नंबर, म्हणजे तिथे जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक, आहे ना ते बघून घ्या. राखीव जंगलातून साल काढणार असाल तर वनविभागाची परवानगी आधी.

साल विकतच घ्यावी लागली, तर आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी ग्रंथाच्या, निकषांप्रमाणे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि टीएलसी (घटक वेगळे करून ओळखण्याची चाचणी) करून घ्या. जड धातूंचा अहवाल तर हवाच: शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आत. अहवालावरचा बॅच नंबर आणि रुग्णांना देणार त्या औषधाचा बॅच नंबर एकच असला पाहिजे. हे लिहावं लागतंय, कारण तो जुळत नाही असे अर्ज खरंच येतात.

ओआरएस काढून टाकू नका

आराखड्यातली सगळ्यात गंभीर चूक हीच, आणि इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. ‘शुद्ध परिणाम दिसावा म्हणून एका गटाला फक्त कुडा’ असं लिहिलेला अर्ज मंजूर होणार नाही, होऊही नये. जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ओआरएस दोन्ही गटांना, मुलं असतील तर झिंकही दोन्ही गटांना, आणि त्यावर एका गटाला कुडा, असाच आराखडा लागतो.

तुलनेचा गटच नसेल तरी अर्ज परत येतो. साधे पाण्यासारखे जुलाब बहुतेकांचे काही दिवसांत आपोआप थांबतात. मग नुसतं ‘30 पैकी 28 बरे झाले’ एवढ्यावरून कुड्याबद्दल काहीच कळत नाही. आणि कुडा जहाल कडू आहे. तुलनेसाठी साध्या पिठाची पुडी दिलीत तर पहिल्या घोटाला रुग्णाला कळेल आपण कोणत्या गटात आहोत. कॅप्सूल वापरा, किंवा तुलनेची पुडीही कडू करा, आणि कशी केली ते लिहा.

व्याख्या नेमक्या लिहा. 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच म्हणजे अतिसार. शौचात रक्त, तीव्र शोष (शरीरातलं पाणी फार कमी होणं), कॉलऱ्याची शंका, गर्भारपण: असे रुग्ण घेणार नाही हे स्पष्ट हवं. घेतलेल्या रुग्णाची तब्येत बिघडली तर चाचणी केव्हा थांबवणार, सलाईन कुठे लावणार, रात्री फोन कोण उचलणार, हेही हवं. ‘योग्य ते उपचार केले जातील’ हे उत्तर कमिटी स्वीकारत नाही.

तारीख: अर्जाची नव्हे, नोंदणीची

सीटीआरआयवर नोंदणी मोफत आहे, पण 1 एप्रिल 2018 पासून ती फक्त आगाऊ होते. पहिला रुग्ण घेण्याआधी क्रमांक हातात हवा. ‘फॉर्म भरला होता, मग रुग्ण घेतले’ हे चालत नाही. फॉर्म भरला की शंका विचारणारे मेल येतात. त्यांना उत्तरं देईपर्यंत तुम्ही लिहिलेली पहिल्या रुग्णाची तारीख उलटून जाते, म्हणून ती सुरुवातीलाच पुढची टाका.

एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र तिथे अपलोड करावं लागतं. ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का आणि नोंदणीची मुदत शिल्लक आहे का, हे कॉलेजात विचारायला संकोच करू नका. पत्रावरचं शीर्षक आणि फॉर्मवरचं शीर्षक शब्दशः सारखं ठेवा.

बाकीचं थोडक्यात. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत. लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदाराची सही. मुलांसाठी पालकांची संमती, शिवाय 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी. ॲलोपॅथीच्या रुग्णालयात चाचणी असेल तर वैद्य सहसंशोधक असावा. औषधामुळे इजा झाल्यास खर्च कोण देणार त्याचं पत्र. गंभीर घटना घडली तर 24 तासांत कमिटीला कळवायचं. परदेशी भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यायची.

आता कॅलेंडर समोर ठेवा. कुडा उन्हाळ्यात फुलतो. जुलाबाचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात. कमिटी दर आठवड्याला बसत नाही आणि सालीच्या तपासण्यांनाही वेळ लागतो. ह्या उन्हाळ्यात फांदी घेतलीत तर रुग्ण ह्याच पावसाळ्यात मिळतील असं धरू नका, पुढचा धरा. प्रबंधाचा सारांश (सिनॉप्सिस) सादर करताना मार्गदर्शकांना हे वेळापत्रक लेखी दाखवा आणि त्यावर त्यांची सही घ्या.