प्रारंभ पासवर्ड आणि हार्ड डिस्क पासवर्ड

वैयक्तिक संगणक चालू केल्यावर विंडोज, लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीच यंत्र जो परवलीचा शब्द विचारते, त्याला प्रारंभ पासवर्ड म्हणतात. हार्ड डिस्क पासवर्डही साधारण त्याच क्षणी विचारला जात असल्याने दोन्ही एकच आहेत असा समज आढळतो. प्रत्यक्षात पहिला मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट पाटीवर, साठवलेला असतो आणि दुसरा खुद्द डिस्कमध्ये.

प्रारंभ पासवर्डची तपासणी बायोस, किंवा अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय, ही मूळ आज्ञावली करते. यंत्र सुरू करू देणारा वापरकर्त्याचा आणि सेटिंग बदलू देणारा प्रशासकाचा असे त्याचे दोन प्रकार आहेत. जुन्या डेस्कटॉपमध्ये हा शब्द ३ व्होल्टच्या सेलवर टिकणाऱ्या, सीमॉस नावाच्या छोट्या स्मृतीत राहत असे. सेल काढून ठेवला किंवा मदरबोर्डवरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) हलवला की तो पुसला जाई, आणि नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुरुस्तीवाल्याला हे काम चहा येईपर्यंतचे. लॅपटॉपमध्ये तो बहुधा विजेविना टिकणाऱ्या चिपमध्ये असल्याने ही युक्ती तेथे चालत नाही. मात्र डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर, ती कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात) नसल्यास, सर्व फाइली वाचता येतात, कारण प्रारंभ पासवर्ड डिस्कबरोबर जात नाही.

हार्ड डिस्क पासवर्ड ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. डिस्क आणि संगणक यांच्या जोडणीच्या १९९७ च्या एटीए-३ मानकात या सोयीचा समावेश झाला. प्रत्येक डिस्कला ३२ बाइटपर्यंतचे दोन शब्द देता येतात : वापरकर्त्याचा आणि मास्टर. पाच वेळा चुकीचा शब्द दिल्यास वीज बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज डिस्क पुढचा प्रयत्न स्वीकारत नाही. संरक्षणाची पातळी ‘उच्च’ असेल तर मास्टर शब्दाने डिस्क उघडते. ‘कमाल’ असेल तर त्याच शब्दाने ती केवळ पुसून पुन्हा वापरात आणता येते. काही लॅपटॉप टंकलेला शब्द आपल्या पद्धतीने बदलून डिस्ककडे पाठवतात. त्यामुळे मदरबोर्ड जळाल्यावर तीच डिस्क दुसऱ्या बनावटीच्या यंत्राला लावली, तर बरोबर शब्द देऊनही ती उघडेलच असे नाही. दुरुस्तीवाल्यावर आलेला संशय अशा वेळी अनाठायी असतो.

या पासवर्डमुळे साध्या डिस्कवरील माहिती कूटबद्ध होत नाही, केवळ डिस्क ती देण्यास नकार देते. विशेष उपकरणे असलेला तज्ज्ञ हा नकार ओलांडू शकतो. स्वतःच कूटबद्धता करणाऱ्या डिस्कमध्ये माहितीची किल्ली पासवर्डशी बांधलेली असणे अपेक्षित असते. परंतु २०१८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींमध्ये (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) हे बंधनच सदोष असल्याचे दाखवले. म्हणून महत्त्वाच्या माहितीसाठी विंडोजमधील बिटलॉकर किंवा लिनक्समधील लक्स यांसारखी सॉफ्टवेअर कूटबद्धता अधिक भरवशाची ठरते. लॅपटॉप निद्रावस्थेत ठेवून प्रवास करणे मात्र टाळावे, कारण तेव्हा किल्ली संगणकाच्या चालू स्मृतीतच (रॅममध्ये) असते.

नागपुरात या संरक्षणाची गरज प्रवासात विशेष जाणवते. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे, साधारणतः डिसेंबरात, भरते. त्या निमित्ताने मुंबईहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे, तसेच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात येणाऱ्या परगावच्या वकिलांचे लॅपटॉप रेल्वेतून प्रवास करतात, आणि हरवलेल्या यंत्रापेक्षा त्यातील कागदपत्रे कितीतरी मोलाची असतात. पासवर्ड निवडताना मराठी वापरकर्त्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इन्स्क्रिप्टसारखी देवनागरी कळमांडणी कार्यप्रणाली सुरू झाल्यावरच मिळते, म्हणून हे दोन्ही शब्द रोमन अक्षरांत व अंकांतच ठेवावे लागतात. ते लिहून ठेवलेला कागद घरच्या कपाटात असावा. तो लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवण्याची सवय बरीच दिसते.